आलेली फाईल आणि उघडलेली फाईल

(एका सभासदाचे अभ्यासटिपण)

वहीचे पान उलटताना आपल्या वाडवडिलांना एका गोष्टीची खात्री असे: पानावर जे लिहिले आहे तेच डोळ्यांस दिसणार. शाई फिकी पडे, क्वचित कसर लागे, पण पान उघडले म्हणून जमेचा आकडा बदलला असे कधी घडले नाही. आज आपल्या पेढ्यांचा बहुतेक व्यवहार संगणकावरील फायलींतून चालतो, आणि त्या उघडताना आपण मनात तोच जुना भरवसा बाळगतो. तो तेथे लागू पडत नाही, हे सभासद बंधुभगिनींच्या नजरेस आणून देण्यासाठी हा लेख लिहीत आहे.

फाईल उघडणे म्हणजे पान उलटणे नव्हे. ते वाचन होय. आणि वाचणारे आपण नसतो. आपल्या व फाईलच्या मध्ये एक प्रोग्राम बसलेला असतो. वर्ड, एक्सेल, लिब्रेऑफिस, त्याचे नाव काही असो. तो फाईल वाचतो, त्याला उमगलेला अर्थ पडद्यावर मांडतो, आणि आपण तो मांडलेला अर्थ पाहतो. महाजनी लिपीची जुनी गोष्ट अनेकांनी घरच्या वडीलधाऱ्यांकडून ऐकली असेल. त्या लिपीत काना, मात्रा, वेलांटी लिहिण्याची चाल नव्हती. परगावच्या पेढीवरून पत्र आले, ‘काकाजी अजमेर गये’. ज्याने उघडले त्याने वाचले, ‘काकाजी आज मर गये’. आणि घरात रडारड सुरू झाली. लिहिणाऱ्याची चूक नव्हती, अक्षरेही तीच होती; चूक वाचण्यात झाली. संगणकावर असेच होते. भेद इतकाच की, चुकीच्या वाचनाने पत्राचा कागद बदलत नसे. फाईल मात्र ‘सेव्ह’ म्हणताक्षणी त्या चुकीच्या वाचनाप्रमाणे नव्याने लिहिली जाते, आणि मूळ मजकूर नाहीसा होतो.

हे ज्ञान मला पुस्तकातून झालेले नाही. आमचे दुकान बेळगावास, रविवार पेठेत; धंदा कडधान्याचा व मसाल्याचा. मार्च २०२३ च्या अखेरीस देणी भागविण्याची घाई चालली होती. एका अडत्याकडून त्यांच्या मालधन्यांच्या बँकखात्यांची यादी ई-मेलने आली. आमच्या मुनीमजींनी ती उघडली, रकमा भरल्या, फाईल ठेवून दिली आणि बँकेच्या संकेतस्थळावर चढविली. दोन दिवसांनी दोन रकमा परत आल्या. तशा क्रमांकाचे खातेच नाही, असा शेरा. इकडे माल वखारीत अडकून पडला, आणि तिकडून दूरध्वनीवर शांतपणे विचारणा झाली, “शेठ, पैसे पाठविले म्हणता, ते आले कुठे?” ज्याने बाजारात पत सांभाळली आहे त्याला या शांत स्वराचा अर्थ कळतो. मी क्रमांक ताडून पाहिले. दोन्ही खात्यांचे क्रमांक सोळा आकडी. दोहोंतही शेवटचा आकडा शून्य. आणि मालधन्यांच्या पासबुकांत तेथे निराळे आकडे. मुनीमजी पासष्टीच्या पुढचे, दृष्टी थोडी मंद झालेली. क्रमांक टंकताना चूक केलीत, असे मी त्यांना चारचौघांत बोललो. “मी एकही आकडा टंकलेला नाही,” एवढेच त्यांनी उत्तर दिले.

ते खरे होते. ई-मेलमध्ये मूळ फाईल तशीच होती. माझ्या पुतण्याने ती एक्सेलमध्ये न उघडता नोटपॅड या साध्या प्रोग्राममध्ये उघडून दाखविली. तेथे दोन्ही क्रमांक अखेरच्या आकड्यापर्यंत अचूक होते. शून्य ना अडत्याने घातले होते, ना मुनीमजींनी. ते एक्सेलने घातले होते.

याचे कारण समजून घेणे कठीण नाही. ही यादी ‘सीएसव्ही’ प्रकारची होती. म्हणजे साधा मजकूर. दोन रकान्यांच्या मध्ये स्वल्पविराम आणि प्रत्येक नोंदीस एक ओळ. अमुक रकाना रकमेचा, अमुक खातेक्रमांकाचा, असे सांगणारी कोणतीही खूण अशा फाईलमध्ये नसते. तीवर दोनदा टिचकी मारली की एक्सेल स्वतःच तर्क करू लागते: जेथे केवळ आकडे दिसतील तेथे संख्या आहे, जेथे आकड्यांमध्ये तिरपी रेघ वा आडवी रेघ दिसेल तेथे तारीख आहे. आणि संख्या म्हणून घेतलेल्या गोष्टीचे एक्सेल पहिले पंधरा आकडेच जपून ठेवते. सोळाव्यापासून पुढे शून्ये. रकमेच्या दृष्टीने यात काही वावगे नाही, कारण सोळा आकडी रकमेत एककाची चूक कोण मोजणार? पण खातेक्रमांक ही रक्कम नव्हे. त्याची बेरीज कोणी करीत नाही. ते आकड्यांत लिहिलेले नाव आहे, आणि नावातील एक अक्षर बदलले की माणूस बदलतो. आमच्या सुदैवाने बदललेल्या क्रमांकांची खाती अस्तित्वात नव्हती. असती, तर रक्कम परक्याच्या पदरात पडून ती परत मिळविण्यासाठी किती हेलपाटे पडले असते, याची कल्पनाच केलेली बरी.

एकदा हे लक्षात आल्यावर मी दुकानातील निरनिराळ्या याद्या घेऊन बसलो, आणि ‘आकड्यांत लिहिलेली नावे’ आपल्या व्यवहारात किती आहेत हे पाहून थक्क झालो. जीएसटीच्या बिलावरील एचएसएन कोड घ्या. तुरीचा सहा आकडी कोड ०७१३६०, काजूगराचा ०८०१३२, हळदीचा ०९१०३०. यादी एक्सेलमध्ये सरळ उघडली की आरंभीचे शून्य गळून ७१३६०, ८०१३२, ९१०३० असे पाच आकडी, कोणत्याही सूचीत न सापडणारे कोड उरतात. एचएसएनच्या पहिल्या नऊ प्रकरणांतील मालावरच ही आपत्ती येते. सुती कापडाचे प्रकरण ५२, लोखंड-पोलादाचे ७२, तेथे गळण्यासारखे शून्यच नाही. त्यामुळे कापडवाले व लोखंडवाले बंधू ‘आमच्याकडे तर असे कधी होत नाही’ असे म्हणतात, आणि कडधान्यवाल्याला आपल्याच माणसाचा हलगर्जीपणा वाटतो. (आपल्या देशातील कोणताही पिनकोड शून्याने सुरू होत नाही, ही त्यातल्या त्यात कृपा.)

पण लोखंडी सामानवाल्यांनी फार निश्चिंत राहू नये. अर्ध्या इंची नळाचे माप यादीत १/२ असे लिहिलेले असले, तर एक्सेल त्यास तारीख समजते आणि संगणकाच्या मांडणीप्रमाणे पहिली फेब्रुवारी किंवा दोन जानेवारी असे काही पुढे ठेवते. औषधवाल्यांच्या मालाचा गट-क्रमांक आकड्यांमध्ये ‘ई’ हे रोमन अक्षर असलेला असला, तर ते अक्षर दशघाताची खूण मानून त्या क्रमांकाची प्रचंड संख्या केली जाते. तेरा आकडी बारकोडाचे दुखणे जरा निराळे आहे. भारतात नोंदलेले बारकोड ८९० ने सुरू होतात; उघडताच ते ‘८.९०१२३ई+१२’ अशा रूपात दिसतात. एवढ्याने काही बिघडत नाही. आत पूर्ण क्रमांक शाबूत असतो. परंतु ती फाईल तशीच पुन्हा सीएसव्ही म्हणून ठेवली, की पडद्यावर दिसत होते तेवढेच लिहिले जाते, आणि उरलेले आकडे कायमचे जातात. बारा आकडी ई-वे बिलाच्या क्रमांकाचीही हीच गत.

तारखांचे प्रकरण सर्वांत फसवे, कारण तेथे चूक चुकीसारखी दिसत नाही. ०३/०४/२०२४ ही आपल्या दृष्टीने ३ एप्रिल. संगणकाची मांडणी अमेरिकन पद्धतीची राहून गेली असेल, तर एक्सेल तिला ४ मार्च समजते. म्हणजे नव्या आर्थिक वर्षातील बिल मागील वर्षात जाऊन बसते. १३/०४/२०२४ मात्र तेराव्या महिन्याअभावी तारीख म्हणून स्वीकारली जात नाही. ती साधा मजकूर म्हणून राहते. यातच चूक ओळखण्याची खूण आहे. एक्सेल संख्या व तारखा रकान्याच्या उजव्या कडेस लावते आणि मजकूर डाव्या कडेस. तारखांच्या एकाच रकान्यात काही नोंदी डावीकडे व काही उजवीकडे दिसल्या, की उजवीकडच्या तारखांत दिवस व महिना यांची अदलाबदल झाली आहे असा संशय घ्यावा, आणि फाईल न ठेवता बंद करावी. हे खालच्या पट्टीवरील घड्याळापाशी तारीख कशी दिसते त्यावरून आधीच कळू शकते. विंडोजमध्ये प्रदेशाची मांडणी ‘इंग्लिश (इंडिया)’ करून घेतली की हा उपद्रव बहुतांशी थांबतो.

हे केवळ आपल्यासारख्या व्यापाऱ्यांचेच अज्ञान आहे असे समजू नये. शास्त्रज्ञही यात सापडले आहेत. मानवी जनुकांपैकी काहींची संक्षिप्त नावे ‘मार्च १’, ‘सेप्ट १’ अशी होती; एक्सेल त्यांच्या तारखा करीत असे. अखेर २०२० मध्ये जनुकांना नावे देणाऱ्या आंतरराष्ट्रीय समितीने ती नावेच बदलली. त्याच वर्षी इंग्लंडात याहून गंभीर प्रकार घडला. कोविडच्या तपासण्यांचे निकाल सीएसव्ही फायलींतून येत आणि तेथील आरोग्ययंत्रणेत ते एक्सेलच्या जुन्या ‘एक्सएलएस’ साच्यात उघडले जात. त्या जुन्या साच्यात ६५,५३६ ओळींपलीकडे जागा नाही. २००७ पासूनच्या ‘एक्सएलएसएक्स’ साच्यात ती १०,४८,५७६ ओळींची आहे. एकेका रुग्णाच्या अनेक ओळी होत असल्याने साचा सुमारे १,४०० रुग्णांतच भरून जाई, आणि पुढचे निकाल गळून पडत. २५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर २०२० या आठवड्यात असे १५,८४१ बाधित रुग्ण दैनिक आकडेवारीतून वगळले गेले, आणि त्यांच्या सहवासात आलेल्यांना सावध करण्यास विलंब झाला. फाईल आलेली होती, ती पूर्ण होती. उघडणारे भांडे लहान होते.

आता उपाय. तो करण्यास दोन मिनिटे लागतात, म्हणूनच बहुधा कोणी करीत नाही. बाहेरून आलेल्या सीएसव्ही फाईलवर दोनदा टिचकी मारू नये. आधी एक्सेलमध्ये कोरे पुस्तक उघडावे. वरच्या पट्टीत ‘डेटा’ येथे जाऊन ‘फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही’ निवडावे आणि मग ती फाईल दाखवावी. एक्सेल फाईलचा नमुना समोर मांडते. तेथे ‘डेटा टाइप डिटेक्शन’ अशी एक चौकट असते. तीत ‘डू नॉट डिटेक्ट डेटा टाइप्स’ हा पर्याय घ्यावा, म्हणजे तर्क करू नकोस अशी आज्ञा द्यावी. सर्व रकाने मजकूर म्हणून जसेच्या तसे येतात. शून्ये राहतात, सोळावा आकडा राहतो. मग रकमांची बेरीज कशी होणार, असे कोणी विचारील. ती होणार नाही, कारण रकमाही मजकूर झाल्या. त्यासाठी त्याच चौकटीतून ‘ट्रान्सफॉर्म डेटा’ येथे जाऊन केवळ रकमेच्या रकान्यास संख्या म्हणावे. ज्यांच्याकडे लिब्रेऑफिस आहे त्यांचे काम अधिक सोपे: तो प्रोग्राम सीएसव्ही उघडण्यापूर्वी स्वतःच विचारतो, आणि खातेक्रमांकाच्या रकान्यावर टिचकी मारून त्यास ‘टेक्स्ट’ ठरविता येते. मायक्रोसॉफ्ट ३६५ घेणाऱ्यांना २०२३ पासून आणखी एक सोय मिळाली आहे; ‘ऑप्शन्स’मधील ‘डेटा’ या भागात आरंभीची शून्ये काढणे, लांब क्रमांक आखूड करणे इत्यादी सवयी एकदाच बंद करून ठेवता येतात. दुकानात तीन संगणक असतील तर तिन्हींवर त्या बंद कराव्यात. आम्ही दोहोंवर केल्या आणि तिसऱ्यावर विसरलो, हे सांगण्यास संकोच वाटतो.

बँकेचे खातेउतारे उतरवून घेणाऱ्यांना आणखी एक अनुभव येत असेल. फाईलच्या नावाअखेरीस एक्सएलएस असते, परंतु उघडताना एक्सेल इशारा देते की नाव व आतील स्वरूप जुळत नाही. काही ठिकाणच्या यंत्रणा साधा मजकूर किंवा संकेतस्थळाचे पान एक्सेलचे नाव लावून देतात, त्याचा हा परिणाम. आपण स्वतः बँकेच्या संकेतस्थळावर जाऊन ती फाईल घेतली असेल तर पुढे जाण्यास हरकत नाही. पण आत सीएसव्हीप्रमाणेच तर्काने वाचलेला मजकूर आहे हे ध्यानात ठेवून क्रमांक ताडावेत, आणि मग ‘सेव्ह ॲज’ने ती खऱ्या एक्सएलएसएक्स रूपात ठेवावी. तीच फाईल अनोळखी पत्त्यावरून आली असेल तर मात्र हा इशारा शेवटचा समजावा.

येथे नावाच्या शेपटाविषयी थोडे सांगतो. टिंबानंतर येणाऱ्या ज्या अक्षरांवरून फाईल कोणत्या प्रोग्रामने उघडावी हे विंडोज ठरविते, त्यांना आम्ही दुकानात ‘शेपूट’ म्हणतो. नव्या संगणकावर हे शेपूट लपविलेले असते. ‘बिल.पीडीएफ.ईएक्सई’ अशी फाईल आली, तर पडद्यावर ‘बिल.पीडीएफ’ एवढेच दिसते. आणि ईएक्सई म्हणजे कागद नव्हे, तर टिचकीसरशी कामास लागणारा प्रोग्राम. फाईल-खिडकीतील ‘व्ह्यू’, त्यात ‘शो’, आणि तेथील ‘फाईल नेम एक्स्टेन्शन्स’ ही खूण केली की शेपूट उघडे पडते. ही खूण आजच करून ठेवावी. परक्याकडून आलेली वर्ड-एक्सेलची फाईल प्रथम ‘प्रोटेक्टेड व्ह्यू’मध्ये, म्हणजे काचेआड उघडते आणि वर पिवळी पट्टी येते. काचेआडून वाचता सर्व येते. केवळ वाचायचे असेल तर ‘एनेबल एडिटिंग’ दाबण्याचे कारणच काय? फाईलमध्ये दडविलेल्या आज्ञा, ज्यांना मॅक्रो म्हणतात, त्या इंटरनेटवरून आलेल्या फाईलमध्ये २०२२ पासून मायक्रोसॉफ्टने मुळातच बंद केल्या आहेत. ‘हे कोटेशन पाहण्यासाठी मॅक्रो सुरू करा’ असे कोणी लिहिले असेल, तर ते कोटेशन नव्हे.

ई-मेलमधूनच फाईल उघडून तीत भर घालण्याची सवयही सोडावी. अशी फाईल तात्पुरत्या, आडबाजूच्या कप्प्यात उघडलेली असते. तासभर खपून केलेले काम नंतर कोठे गेले ते सापडत नाही. आधी ती आपल्या कप्प्यात ठेवावी, मग उघडावी. मूळ फाईल ‘आवक’ नावाच्या कप्प्यात हात न लावता राहू द्यावी आणि काम तिच्या नकलेवर करावे, हा आमच्या दुकानाचा २०२३ पासूनचा नियम आहे. फाईल दुसऱ्या गादीवर उघडी आहे, तुम्हास केवळ वाचता येईल, असा निरोप आला तर चरफडून नवी नक्कल करू नये. त्यातूनच ‘उधारी नवी’, ‘उधारी नवी २’, ‘उधारी अंतिम’ अशी तीन भावंडे जन्मतात आणि तिन्हींची बाकी वेगळी येते. वीज गेल्यावर कित्येकदा फाईल आपल्याच नावाने अडकून राहते. अशा वेळी सर्व गाद्यांवरील एक्सेल बंद करावे, कोठेही ती फाईल उघडी नाही याची खात्री करावी आणि त्या कप्प्यातील, आरंभी नागमोडी रेघ व डॉलरचे चिन्ह असलेली छोटी लपविलेली फाईल काढून टाकावी, कुलूप निघते.

मराठी पत्रव्यवहाराचा प्रश्न आपल्यासारख्या महाराष्ट्राबाहेरील मंडळींना विशेष भेडसावतो. जुनी मराठी पत्रे, मंडळाची इतिवृत्ते, देणगीदारांच्या याद्या उघडल्या की रोमन अक्षरांचा व चिन्हांचा अर्थहीन कचरा दिसतो, आणि ‘फाईल खराब झाली’ असे म्हणून ती पुसली जाते. फाईल खराब झालेली नसते. श्रीलिपि, आकृती, कृतिदेव, शिवाजी अशा जुन्या टंकांत लिहिताना संगणक आत रोमन अक्षरेच साठवी; केवळ त्या अक्षरांच्या जागी देवनागरी आकृती काढण्याचे काम टंक करी. तो टंक नव्या संगणकावर नसला, की मुखवटा गळून खालची रोमन अक्षरे उघडी पडतात. पुन्हा तोच टंक बसविला की पत्र पूर्ववत दिसते. टंक कोणता होता, हे वर्डमध्ये त्या मजकुरावर टिचकी मारली असता टंकाच्या चौकटीत बहुधा नावानिशी लिहिलेले आढळते. कायमचा उपाय म्हणजे तो मजकूर युनिकोडमध्ये रूपांतरित करणे. ज्यात देवनागरी ‘क’ हा सर्वत्र ‘क’ म्हणूनच साठविला जातो. रूपांतरक मिळतात, पण प्रत्येक टंकाचा वेगळा; आणि रूपांतरानंतर जोडाक्षरे, रफार व ऱ्हस्व वेलांटी डोळ्यांनी तपासावीच लागते. आडनावांच्या याद्यांत तर हे काम जाणत्या माणसाकडेच द्यावे.

युनिकोड मराठीची सीएसव्ही यादी एक्सेलमध्ये सरळ उघडली, तरीही कित्येकदा कचरा दिसतो. तेथे कारण निराळे, पण उपाय वर सांगितलेलाच: ‘फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही’ने उघडावी, आणि ‘फाईल ओरिजिन’मध्ये ‘६५००१: युनिकोड (यूटीएफ-८)’ निवडावे. लिब्रेऑफिसमध्येही यूटीएफ-८ निवडण्याची चौकट त्याच खिडकीत आहे.

राहता राहिला जतनाचा प्रश्न. जीएसटी कायद्याप्रमाणे हिशेबाची कागदपत्रे त्या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने ठेवावी लागतात. कंपनी कायद्याखालील संस्थांस आठ आर्थिक वर्षे. ‘ठेवणे’ याचा अर्थ, विचारल्या दिवशी उघडून दाखविता येणे. चकतीवर फाईल असणे व ती उघडणे या दोन गोष्टी आहेत. लोटस १-२-३ च्या जुन्या फायली २००७ पासून एक्सेल उघडीत नाही. त्यांपैकी अनेक लिब्रेऑफिस आजही उघडते. टॅलीच्या फार जुन्या आवृत्तीतील हिशेब नव्या आवृत्तीत आणण्यापूर्वी रूपांतरित करावे लागतात. डॉक्सएक्स वा एक्सएलएसएक्स फाईल ही वास्तविक अनेक लहान फायलींचे बांधलेले गाठोडे असते; एखादी फाटली तरी बाकीची शाबूत राहतात. म्हणून ‘फाईल उघडत नाही’ असा निरोप आल्यास ‘ओपन’ या बटणाशेजारील बाणातून ‘ओपन अँड रिपेअर’ करून पाहावे. निम्म्याहून अधिक मजकूर हाती लागल्याचा माझा अनुभव आहे. ज्या कागदात पुढे बदल करावयाचा नाही, त्याची पीडीएफ प्रतही सोबत ठेवावी.

गेल्या दिवाळीत वहीपूजनाच्या आदल्या दिवशी आम्ही २०१० पासूनच्या वर्षवार कप्प्यांतील निवडक फायली एकेक करून उघडून पाहिल्या. तीन उघडल्या नाहीत. पहिली जुन्या मराठी टंकातील पत्रांची होती. टंक शोधून बसविल्यावर तिच्यात वडिलांनी इंदूरच्या एका पेढीस लिहिलेली उधारीच्या तडजोडीची पत्रे निघाली. दुसरीचे शेपूट कोणीतरी नाव बदलताना उडवून टाकले होते. ते परत लावताच ती उघडली. तिसरी मुनीमजींची, २०१२ सालची, स्वतःच्या हिशेबाची एक्सेल फाईल. तिला पासवर्ड आहे. त्या मार्चमधील माझ्या बोलण्याबद्दल मी त्यांची क्षमा मागितली होती, आणि त्यांनी हसून तो विषय संपविला होता. त्यानंतर वर्षभराने ते वारले. एक्सेल २००७ पासूनच्या फायलींचे कुलूप पक्के असते, ते फोडण्याचा व्यवहार्य मार्ग नाही. त्यांच्या चिरंजीवांनी सुचविलेले सात-आठ शब्द आम्ही घालून पाहिले. ती अजून उघडलेली नाही. आता दुकानातील प्रत्येक कुलूपबंद फाईलचा पासवर्ड एका लखोट्यात लिहून तो तिजोरीत ठेवला जातो, आणि लखोट्यावर तो लिहिणाऱ्याची सही घेतली जाते.